पाच पाकळ्यांची वाट

आंबिया बहराच्या दिवसांत खाप्याच्या रस्त्याला लागलं की गाव दिसायच्या आधी संत्र्याच्या फुलांचा वास भेटतो, आणि त्या वासामागून कन्हानची ऊन खाल्लेली वाळू, मागांची खटखट, सुताला दिलेल्या खळीचा आंबूस दर्प, कधीच्या काळी विझलेले आवाज असं सगळं एकमेकांचा हात धरून वर येतं. कुठून येतं हे?

मेंदूतल्या पेशींच्या पातळ पडद्यात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं. वरून पाहावं तर संत्र्याच्या फुलासारखंच: पाच पाकळ्या आणि मधोमध वाट. पेशीपेशींत निरोप नेणाऱ्या असिटिलकोलीनचे रेणू पाकळ्यांच्या सांध्यात टेकतात, पाकळ्या किंचित कलतात, वाट मोकळी होते, सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत धावतात, पेशी जागी होते. आणि हे पुरतं घडतं न घडतं तोच जवळचं विकर मोकळ्या रेणूंचे तुकडे करून टाकतं. वाट मिटते. सेकंदाच्या काही सहस्रांशांचा हा खेळ. आपलं लक्ष लागणं, नवी गोष्ट मनात रुजणं, यातलं कितीतरी या उघडझापीवर तोललेलं आहे.

पेशीवर असं काही ग्रहण करणारं असलं पाहिजे, हे केंब्रिजच्या जॉन लँगलींनी 1905 साली ओळखलं. कोंबडीच्या स्नायूंवर निकोटिनचा परिणाम पाहताना. म्हणजे या वाटेचा पत्ता दिला तंबाखूने! हे वाचलं आणि मला आबाजींचा, माझ्या आजोबांचा, तळहात दिसला.

आबाजी तांबडं फुटायच्या आधी उठून पन्नीत खर्रा घोटत. सुपारी, तंबाखू, चुना. आधी करकरणारी सुपारी हळूहळू नरम पडे, पन्नीतून तपकिरी ओल झळके, आणि चिमूट गालात गेली की कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरत. मग माग सुरू होई. पहिल्या खर्ऱ्याची मजा दिवसभर नाही येत, असं ते म्हणायचे. खरंच नसते. निकोटिन त्याच पाकळ्यांत जाऊन बसतं, पण विकराला ते तोडता येत नाही. ते रेंगाळतं, वाट बधिर होते, आणि मेंदू बिचारा आणखी वाटा उभ्या करत राहतो. रात्रभरात निकोटिन ओसरतं, बधिरपणा उतरतो, आणि पहाटे त्या साऱ्या वाटा एकदम आसुसून उभ्या असतात. सुपारीतलं अरेकोलीन असिटिलकोलीनच्या दुसऱ्या, संथ जातीच्या ग्राहींना चाळवतं, ते वेगळंच. आबाजींना मी कधी व्यसनी म्हणू शकलो नाही. त्यांच्या शरीराने एका परक्या पाहुण्यासाठी घर वाढवलं होतं. मात्र त्याच सुपारीने त्यांचे गाल आतून ताठत गेले, आणि शेवटी भाकरीचा तुकडा आत जाईल एवढंही तोंड उघडेना.

आजीने उभ्या जन्मात खर्रा खाल्ला नाही.

तिच्या बाबतीत घरचं असिटिलकोलीनच आटत गेलं. मेंदूच्या तळाशी असिटिलकोलीन दूरदूर धाडणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो, अल्झायमरमध्ये तो उजाड होत जातो. डोनेपेझिलची गोळी त्या तोडणाऱ्या विकराला आवरते, उरलंसुरलं असिटिलकोलीन थोडं जास्त वेळ टिकतं, एवढंच. त्या थोड्या वेळासाठी आम्ही रोज रात्री न चुकता गोळी देत होतो. कधी ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारी, कधी नुसतीच पाहत राही, डोळ्यांत उजेड असे आणि ओळख नसे.

हातांची आठवण मात्र मेंदूत दुसरीकडे राहते, ती सहजी जात नाही. एकदा नव्या लुगड्याची घडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उलगडली नाही. फक्त अंगठा आणि तर्जनीत काठ धरला, वीतभर सरकवला, मागे आणला, एका जागी थांबली, आणि कित्येक दिवसांत न ऐकलेल्या करड्या आवाजात म्हणाली, ‘‘काठ ओढला ना बाप्पा इथं. कोन बसलं व्हतं मागावर?’’