परीक्षा औषधाची, काळजी माणसाची

आयुर्वेदाची पदवी घेतल्यावर बरोबरीच्या बहुतेकांनी दवाखाने थाटले. मी पुण्यात गुडघेदुखीवरच्या आयुर्वेदिक औषधाच्या चाचणीत रुजू झाले. 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या औषधाची आता कसली परीक्षा?' हा प्रश्न घरीही ऐकला, वैद्यांकडूनही. माझं उत्तर एकच असतं: औषध पोटात घेणाऱ्या माणसासाठी.

सर्वांत जास्त वेळ जायचा संमतीपत्र समजावण्यात. कुणाच्या बाटलीत औषध आणि कुणाच्या बाटलीत तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी कॅप्सूल, हे पेशंटला माहीत नसतं आणि आम्हालाही. 'म्हणजे मला खोटं औषध देणार का ताई?' एका काकूंनी थेट विचारलं. मी म्हटलं, 'काकू, गुडघा थंडीत जास्त दुखतो, उन्हाळ्यात आपोआप हलका होतो. कुणी आस्थेनं चौकशी केली तरी बरं वाटतं. मग गुण औषधाचा की आणखी कशाचा, हे तुलनेशिवाय कसं कळणार? आणि नको वाटलं तर केव्हाही सोडा, तुमचे उपचार थांबणार नाहीत.' त्यांनी आठवडाभर विचार केला, मुलाला वाचायला लावलं आणि मग सही केली.

पेशंट फॉलोअपला आले की बाटली ट्रेमध्ये उपडी करून उरलेल्या कॅप्सूल मोजायच्या. जास्त उरल्या तर डोस चुकले. कमी उरल्या तर बहुधा वहिनींच्या गुडघ्यालाही मिळाल्या! न रागावता ते नोंदवायचं. मग जिना चढताना, मांडी घालून बसताना, उठताना किती दुखतं ते विचारायचं आणि शेवटी रक्त घ्यायचं, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांसाठी.

या रक्ततपासणीचं मोल मला पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या शोधनिबंधातून उमगलं. गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्यापासून केलेल्या दोन मिश्रणांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी तुलना. आयुर्वेदिक औषधांचा गुण त्यांच्या तोडीचा निघाला. पण काही रुग्णांच्या रक्तात यकृतावरचा ताण दाखवणारं एसजीपीटी वाढलं, म्हणून सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिलं. जाहिरातीत पहिली गोष्ट छापली जाते. रुग्णाला दोन्ही कळायला हव्यात.

पारंपरिक औषधाचे गुणदोष तपासण्याची ही वाट नवी नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपल्या मातीतली ही मुळी जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. पुढे तिच्यातल्या रेसर्पिन या द्रव्यामुळे काहींना नैराश्य येतं असंही दिसलं आणि डॉक्टर ते देताना जपू लागले. गुण आणि दोष दोन्ही नोंदले गेल्यानं सर्पगंधेचा मान कमी झाला नाही. तिचा वापर शहाणपणाचा झाला.

आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच त्याची कसून परीक्षा व्हावी असं मला वाटतं. तुम्हाला एवढंच सांगणं: काढा, चूर्ण, गुळवेलीच्या गोळ्या, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना नावानिशी सांगा. आणि कधी चाचणीत भाग घ्यायची विचारणा झाली, तर संमतीपत्र घरी नेऊन वाचा, शंका विचारा आणि मगच सही करा.