हिशेब वहीत, हुन्नर डोक्यात

लक्ष्मीपूजनाला मोंढ्यात वह्यांची पूजा होते. रोजकीर्द, खतावणी, पट्ट्यांच्या फायली, सगळं जागच्या जागी. जुन्यातल्या जुन्या उधारीचा कागदही मुनीम बसल्या जागी काढून देतो. पण त्याच दुकानात विचारा, ‘ढिगातली चार हळकुंडं मोडून दर कसा ठरवला?’ उत्तर ठरलेलं: ‘ते मामांना कळतं.’ मामा घरी बसले की ते कळणंही त्यांच्याबरोबर घरी जातं.

हिंगोली जिल्ह्यातल्या हळद उद्योगांची दप्तरं लावून देणं हा माझा व्यवसाय. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. परवाने, तपासणी अहवाल, लॉट क्रमांक यांच्या फायली नीट असतात, कारण त्या कोणीतरी मागतं. कारागिराचं हुन्नर तपासायला कोणी येत नाही, म्हणून ते लिहायचं राहतं. आयएसओ 9001 मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत संस्थेचं ज्ञान टिकवण्यासाठी 7.1.6 हे वेगळं कलम आलं. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेल्या ठिकाणीही मला ते वाचलेला माणूस क्वचितच भेटतो.

शिजवणीचंच घ्या. कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजली तर रंग जातो. पुस्तकात वेळ दिलेली असते, पण बॉयलरवरचा जुना माणूस घड्याळाकडे बघत नाही. वाफेचा वास बदलला की तो एक हळकुंड काढून काडी टोचतो. ‘काडी सहज गेली की बास.’ सहज म्हणजे किती, असं विचारल्यावर एका मुकादमांनी माझ्या हातात दोन हळकुंडं ठेवली, एक झालेलं आणि एक जरा कच्चं. टोचून बघितल्यावर कळलं. तेव्हापासून आमच्या शिजवणीच्या कार्डावर मोजकी वाक्यं, मोडलेल्या हळकुंडांचे फोटो आणि काडी टोचतानाच्या व्हिडिओचा क्यूआर कोड असतो. वर तारीख, आवृत्ती क्रमांक आणि सांगणाऱ्याचं नाव. नवं कार्ड लागलं की जुनं त्याच दिवशी उतरवायचं. दोन कार्डं भिंतीवर राहिली की माणसं सोयीचं तेवढं वाचतात.

‘तुम्ही काम कसं करता?’ असं मी विचारत नाही. त्यावर ‘सवयीनं’ यापुढे उत्तर जात नाही. ‘मागच्या खेपेला माल कशानं बिघडला? मग काय केलं?’ असं विचारलं की मामा तासभर बोलतात. वाळवण पसरलेलं असताना अवकाळी आला तर आधी कोणता ढीग झाकायचा, भिजलेला माल वेगळा का ठेवायचा, पॉलिशचा ड्रम कधी थांबवायचा. कारखान्याची खरी पुंजी या अडचणींच्या उत्तरांत असते.

हळदीची गोष्ट अशी, की हंगाम वर्षातून एकदाच येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी शिजवणी, मग दहा-पंधरा दिवसांचं वाळवण. दुधाच्या डेअरीतला पोरगा रोज चुकतो आणि रोज शिकतो. इथे चुकलेला धडा पुन्हा गिरवायला वर्ष जातं. म्हणून नोंद त्याच दिवशी संध्याकाळी व्हावी. काय घडलं, काय ठरलं, का ठरलं, एवढ्या तीन ओळी पुरतात. हिशेबात पहिल्या दोन असतात. तिसरी ओळ मात्र लिहायची राहून जाते.

मालकांना एक कटू गोष्ट सांगावी लागते. मामा सांगायला कचरतात, त्यांच्या मनात भीती असते: सगळं लिहून दिलं तर उद्या माझी गरज काय? ही भीती खोटी नाही. म्हणून शिकवण्याचा वेळ पगारी धरा आणि हाताखाली एक पोरगा द्या. निरोपाच्या शालीबरोबर माहिती मागायला गेलात तर शाल घेतली जाईल, माहिती मिळणार नाही. निवृत्तीला दोन-तीन हंगाम बाकी असतील, तर यंदाच्या शिजवणीपासूनच वही उघडा.