टाका तुटला तरी चालेल

शनिवार-रविवारचं काय करायचं, हा आपल्यासारख्या पाच दिवस स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचा राष्ट्रीय प्रश्न आहे. कुणी ट्रेकला जातं, कुणी पॉटरी शिकतं, कुणी घरी ब्रेड भाजून त्याचे फोटो टाकतं. माझ्या वीकएण्डला मात्र गेली तीन वर्षं एकच वास आहे... कातड्याचा! मी हाताने चामड्याच्या वस्तू शिवतो. पाकिटं, कार्ड होल्डर, बेल्ट, क्वचित एखादी बॅग. ‘वॉव, लेदरक्राफ्ट! किती रिलॅक्सिंग ना?’ असं ऑफिसात सगळे म्हणतात. रिलॅक्सिंग आहेच. पण सामान आणायला पहिल्यांदा दुकानात गेलात, की जो प्रश्न पडतो तो अजिबात रिलॅक्सिंग नाही. दोरा कोणता घ्यायचा?

कातड्याबद्दल आपण फार चोखंदळ असतो. हात फिरवून बघतो, वास घेतो, ‘जेन्युइन आहे ना?’ असं दहादा विचारतो. दोऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वस्तू धरून ठेवतो तो दोराच, तरीही!

मला हे वेड लागलं ते एका बॅगेमुळे. पहिल्या बोनसमधून घेतलेली, चांगली महाग, नाव मोठं. (ते जाऊ दे!) दीड वर्षात तिचा पट्टा निखळला. गंमत म्हणजे दोरा शाबूत होता. बारीक, चकचकीत, कुठेही न तुटलेला. फाटलं होतं ते कातडं. भोकांच्या रांगेवरून, पोस्टाचं तिकीट फाटतं तसं सरळ. ऑफिसखाली बसणाऱ्या चांभारकाकांनी ती उलटीपालटी करून परत दिली. म्हणाले, ‘‘दोरा तुटला असता तर लगेच शिवून दिली असती. आता टाका धरायला जागाच न्हाई, साहेब.’’

हे वाक्य डोक्यात राहिलं. मग एक वीकएण्ड वर्कशॉप, मग दुसरं, मग घरात रिळांचा ढीग.

रिळांच्या दुनियेत

तुमच्यापैकी कुणाला हात काळे करायची इच्छा असेल, तर थोडं ज्ञान फुकटात देतो.

सुती दोरा घरात असतोच. तो विसरा. घाम आणि ओल लागून तो हळूहळू कुजतो, आणि पाकिटाला या दोन्ही गोष्टी रोज मिळतात.

लिनन हा जुना, खानदानी दोरा. आपण भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो ना, त्याच जातीच्या झाडाच्या खोडातून हा धागा निघतो. युरोपात घोड्यांची खोगिरं शिवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या हाच वापरत आले. त्यावर मधमाशांचं मेण ओढायचं. मेणामुळे दोरा भोकातून जाताना घासून झिजत नाही, पाणी कमी पितो आणि टाका जागच्या जागी बसतो. लिनन वितळत नाही, म्हणून शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन तो बंद करावा लागतो.

नायलॉनचा जन्म १९३५ सालचा, अमेरिकेत ड्यू पॉण्ट कंपनीच्या प्रयोगशाळेतला. ताकद जबरदस्त. पण ओढला की लांबतो, आणि सतत उन्हात राहिला की कमजोर होत जातो. पॉलिस्टर कमी ताणतो आणि उन्हात नायलॉनपेक्षा बरा टिकतो. दोघांचंही टोक लायटरने किंचित वितळवून दाबलं की काम फत्ते. घाईतल्या माणसाला हे फार सोयीचं.

पुढचा प्रश्न जाडीचा. पातळ कातड्याच्या कार्ड होल्डरला साधारण अर्धा मिलिमीटर पुरतो. बेल्ट किंवा बॅगेच्या पट्ट्याला पाऊण ते एक. पातळ कातड्यात जाड दोरा कोंबला तर भोकं मोठी पाडावी लागतात आणि कडा कमजोर होते. जाड पट्ट्याला अगदी बारीक दोरा घातला तर वजन आल्यावर तो कातड्यात रुततो. जवळजवळ टाके घातले की शिवण मजबूत होते, असं वाटतं. पण प्रत्येक टाका म्हणजे कातड्याला पाडलेलं एक भोक. भोकं खूप झाली, की झालंच आपलं पोस्टाचं तिकीट!

आणि हाताने का शिवायचं, मशीन काय वाईट? मशीनच्या शिलाईत दोन दोरे असतात, एक वरचा आणि एक खालचा, आणि ते मध्ये एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याला आधार राहत नाही, शिवण उसवत जाते. हाताच्या शिलाईत एकच लांब दोरा आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. म्हणून शिवणीच्या लांबीच्या निदान चौपट दोरा घेऊन बसायचं. कातडं जाड असेल तर त्याहून जास्त.

इथवरचं सगळं वर्कशॉपमध्ये शिकवतात. पुढचं मला आटपाडीत कळलं.

ट्रंकेतली आरी

आटपाडी म्हणजे सांगली जिल्ह्याच्या उत्तरेचं टोक, माणदेश. ग. दि. आणि व्यंकटेश या माडगूळकर बंधूंचा तालुका. पाऊस कमी, मेंढरं भरपूर, आणि आता डाळिंबं. आमचं घर तिथलं, आणि आमचे आजोबा (आम्ही त्यांना तात्या म्हणायचो) गावचे चांभार. पायताणं शिवायची, बैलांचे घुंगरांचे पट्टे करायचे, आसूड करायचे, विहिरीवरची मोट फाटली की ती सांधायची. बदल्यात सुगीला धान्य.

तात्यांच्या पेटीत रीळ नसायचं. त्यांचा दोरा म्हणजे वादी. कातड्याचीच बारीक पट्टी रापीने कापायची, भिजवायची आणि आरीने पाडलेल्या भोकातून ओढायची. वाळली की ती भोकात घट्ट बसते. कोल्हापुरी चप्पल आजही अशीच शिवतात. अस्सल जोडीत ना खिळा, ना नायलॉन. कातड्याने कातडं शिवलेलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घरातले पहिले मॅट्रिक. बँकेत लागले आणि पहिल्या पगारानंतर तात्यांना म्हणाले, ‘‘आता बस्स.’’ आरी, रापी, हातोडी ट्रंकेत गेली, ट्रंक माळ्यावर. आम्हा भावंडांना त्या ट्रंकेला हात लावायची परवानगी नव्हती. दुसरी कुठलीच बंदी अण्णांनी आम्हाला कधी घातली नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी स्वतः शिवलेलं पाकीट अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. बराच वेळ नुसतं बघत राहिले.

‘‘ह्येच्यासाठी पुण्याला धाडलं व्हय तुला?’’

मग जे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. लोक तात्यांच्या हातावर पैसे ठेवत नसत, वरून टाकत. अण्णा शाळा सुटल्यावर तात्यांना मदत करायचे आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याने बोटं काळी पडायची. मॅट्रिकच्या वर्षी ते रोज रात्री लिंबाच्या फोडीने बोटं घासत बसायचे. वर्गात हात बाकाखाली ठेवायचे. ‘‘डाग निघाया दोन वर्सं लागली,’’ म्हणाले.

मी गप्प. काय बोलणार? माझ्या बोटाला डाग पडला तर मी त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकतो. त्यावर चाळीस लाइक्स येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर सामान मांडून बसलो होतो. त्याच जुन्या बॅगेला नवा पट्टा करायचा होता. समोर तीन रिळं : बारीक नायलॉन, पॉलिस्टर आणि मेण लावलेलं जाड लिनन. अण्णा चहा घेऊन आले. उभ्याउभ्याच एक उरलेला तुकडा उचलला, त्याच्या कडेवर नायलॉनचा दोरा टेकवला आणि करवत चालवावी तसा चार वेळा ओढला. कडेत खाच पडली. मग पॉलिस्टर. खाच पडली, पण जरा कमी. मग लिनन. कड दबली, चिरली नाही.

‘‘कातड्यापरास दांडगा दोरा कामाचा न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘टाका तुटला तर त्याच भोकातनं फिरून घालता येतो. भोकच फाटलं तर काय घालशील?’’

चांभारकाका फाटलेली बॅग बघून जे बोलले होते, तेच अण्णा शिवायच्या आधी सांगत होते. आपण बाजारात जाऊन ‘सगळ्यात स्ट्राँग कोणता?’ असं विचारतो. विचारायला हवं ते असं, की ओढ बसली तर आधी काय जावं? दोरा. तो पाच रुपयांचा. तात्यांची वादीही आधी झिजायची, ती काढून नवी घालायची, आणि तळ तोच राहायचा. वादी आणि तळ दोन्ही कातड्याचेच, त्यामुळे ओलीत आणि उन्हात दोघांची वागणूक सारखी. अण्णांनी हे सगळं तीस-पस्तीस वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. विसरले काहीच नव्हते.

तुम्हाला वाटेल, आता अण्णा हळवे झाले असतील, ‘आपली कला’ वगैरे म्हणाले असतील. छे! खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे बैलांच्या रंगीबेरंगी नायलॉनच्या म्होरक्या बघून मी उसासा टाकला, तर म्हणाले, ‘‘सोय झाली की लोकांची! स्वस्त हाय, भिजत न्हाई. मोट गेली, पंप आला, बैलांचे हाल वाचले.’’ तात्यांचं काम गेलं याचं त्यांना दुःख नाही. तात्यांना त्या कामाचे पैसे वरून टाकून दिले जायचे, याचं आहे.

चाळीस रुपये

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाचे मॉडेल्स कोल्हापुरीसारख्या सॅण्डल्स घालून चालले, तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो! कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, म्हणून सोशल मीडियावर रान उठलं. अखेर ही प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीने मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात कोल्हापूर, सातारा आणि सोलापूरबरोबर आमचा सांगलीही आहे. म्हणजे कागदावर तात्यांच्या हातालाही मान मिळाला म्हणायचा. अण्णांनी ती बातमी पेपरात वाचली. ‘‘बरं झालं,’’ एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

त्याच आठवड्यात आमच्या टीममधला एक जण प्राडावर तावातावाने बोलत लिफ्टमधून उतरला आणि खाली चांभारकाकांशी चाळीसचे तीस करण्यावरून घासाघीस करू लागला. बॅगेची शिवण पुन्हा घालायचे चाळीस रुपये. माझ्या शिवलेल्या पाकिटाला याच मित्राने दोन हजार दिले होते, तेही ‘हॅण्डमेड आहे यार’ म्हणून. आरी तीच, मेण तेच, टाका तोच. काकांचा हात तर माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार!

तेव्हा पुढच्या वेळी बॅग उसवली तर दोन गोष्टी करून बघा. एक, शिवायला देताना सांगा, ‘काका, मेणाचा जाड दोरा घाला, वेळ लागला तरी चालेल.’ त्यांना बरं वाटतं, कारण हे कुणी विचारतच नाही. आणि दोन, जे मागतील ते द्या. यूपीआयने द्या, नाहीतर हातात द्या. पण हातात द्या.

माझं सध्याचं काम विचाराल, तर एक खास ऑर्डर आहे. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. माळ्यावरची ट्रंक त्यांनी उतरवली आहे. तात्यांची रापी अजून धारदार आहे आणि नातवंडं घरात फिरतात, तर तिला एक म्यान हवंय. मी जाडी विचारली, लांबी विचारली. रापीची धार आतून टाके कापू नये म्हणून शिवणीच्या आत कातड्याची एक पट्टी बसवावी लागेल, हेही सांगितलं.

‘‘म्हाईत हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दोरा घिऊन ये. पट्टी मी कापतो.’’