कंदिलाची काच

जी वस्तू रोज डोळ्यांपुढे असते व रोज किंचित किंचित बिघडते, ती बिघडली आहे हे घरच्यांस सहसा कळत नाही. हा सिद्धान्त आम्ही कोणत्याही ग्रंथातून उचललेला नाही. तो आम्हांस आमच्या घरच्या प्रोजेक्टरने शिकविला, आणि त्यावरील भाष्य आमच्या ८४ वर्षांच्या मातोश्रींनी केले.

हे यंत्र आम्ही २०१७ साली घेतले. रविवारी सायंकाळी दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादा जुना बोलपट लावावयाचा, हा आमच्या घरचा नियम. इतर दिवशी ते चिरंजीवांच्या क्रिकेटच्या ताब्यात असते. मातोश्री त्याला प्रोजेक्टर म्हणत नाहीत; 'तुझा कंदील' म्हणतात. आरंभी आम्ही हसत असू; परंतु त्यात हसण्यासारखे काही नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. त्या 'शांबरिक खरोलिके'चे मूळ म्हणजे जादूचा कंदीलच. दिव्यापुढे चित्र आणि चित्रापुढे भिंग, ही व्यवस्था आमच्या यंत्रातही तीच आहे.

गेल्या वर्षी मातोश्री सहा महिने आमच्या धाकट्या बंधूंकडे कोल्हापुरास होत्या. तेथेच त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढण्यात आले. त्या परतल्या त्या रविवारी आम्ही मुद्दाम 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावला. लहानपणी तंबूतल्या खेळात त्यांनी तो पाहिला होता. विष्णुपंत पागनीस पडद्यावर येऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच त्या म्हणाल्या, "अरे, तुकोबांचं धोतर पिवळं का दिसतंय? आणि सगळंच असं मळकट? कंदिलाची काच पुसलीस का?"

आम्ही पडलो प्राध्यापक. उत्तर तयारच होते. "आई, बोलपट किती जुना आहे! जुन्या चित्रांना असा रंग येतोच. शिवाय तुझे डोळे आता..." वाक्य आम्ही अर्धेच सोडले, पण त्याचा अर्थ पुरता पोहोचला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन रविवार मात्र "मला झोप येते" म्हणून त्या आत जाऊन पडल्या.

तिसऱ्या रविवारी चिरंजीवांनी सहज तोच बोलपट मोबाईलवर लावून भिंतीशेजारी धरला. मोबाईलवरचे धोतर पांढरेशुभ्र होते. भिंतीवरचे हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे! एका नेत्रवैद्य स्नेह्यांनी उरलासुरला अभिमानही उतरविला. वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते व निळा प्रकाश अडवू लागते. ते काढून नवे बसविले की पुष्कळांस निळा रंग जणू नव्याने दिसू लागतो. तात्पर्य, घरातील सर्वांत नवे भिंग मातोश्रींच्या डोळ्यांत होते, आणि पन्नाशी ओलांडलेले जुने आमच्या.

मग आम्ही तपासास लागलो. आधी स्वस्त उपाय, मग महाग, हा क्रम ठरविला. यंत्र बंद करून पूर्ण निवू दिले आणि हवा आत घेणारी जाळी काढली. तिच्यावर धुळीची गोधडीच बसली होती. वारा कोंडला की आत उष्णता साचते, आणि तिने दिवा व आतील भाग दोन्ही अकाली झिजतात. भिंगावर विजेरीचा तिरपा झोत टाकला, तेव्हा फोडणीचा धूर, उदबत्ती व धूळ यांचे एक पातळसे पटल दिसले. मऊ कापडाने ते हलकेच टिपून काढताच चित्रातील काळा रंग पुन्हा काळा दिसू लागला.

पुढची पाळी दिव्याची. तो ३,६०० तास जळला होता. माहितीपुस्तिकेत त्याचे आयुष्य ४,००० तास दिले होते. म्हणजे अजून अवकाश आहे, अशी आमची समजूत. परंतु पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या अशा दिव्याचे 'आयुष्य' म्हणजे तो विझण्याची घटका नव्हे; त्याचा उजेड सुमारे निम्म्यावर येण्याची घटका. आणि निम्मा झालेला उजेडही डोळ्यास निम्मा वाटत नाही! नवा दिवा बसविला. जुन्यात पारा असल्याने तो केरात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिला. चित्र उजळले. धोतर मात्र पिवळे ते पिवळेच.

अखेर चिरंजीवांनी नुसते पांढरे, तांबडे, हिरवे व निळे असे चार कोरे रंग भिंतीवर पाडले. तांबडा व हिरवा स्वच्छ होते. निळा फिकट, आणि एका कोपऱ्यात डागाळलेला. आमच्या जातीच्या यंत्रात पांढऱ्या प्रकाशाचे तीन रंग वेगळे करून ते तीन निरनिराळ्या पट्टिकांतून नेतात व लोलकात पुन्हा एकत्र आणतात. त्यांत निळा प्रकाश सर्वांत तीव्र. म्हणून त्याच्या वाटेवरील पातळ पापुद्रे बहुधा आधी जळतात. पांढऱ्यातून निळा उणा झाला की उरतो तो पिवळा. तो भाग बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राइतका निघाला. तेव्हा आम्ही तांबडा व हिरवा एकेक पायरी खाली आणून निळ्याच्या जोडीस बसविले, आणि खिडक्यांस जाड पडदे लावले. नव्या दिव्याचा थोडा उजेड त्यात खर्ची पडला.

हे करताना एक विचार आम्हांस छळीत होता. गेली सत्तावीस वर्षे आम्ही तीच टिपणे घेऊन वर्गात उभे राहत आहो. विद्यार्थी दरवर्षी नवे. पूर्वी हा पडदा किती पांढरा होता, हे त्यांनी पाहिलेलेच नाही. मग पिवळेपणा आम्हांस सांगावा कोणी? आणि कोणी सांगितलाच, तर आम्ही त्याच्या डोळ्यांस दोष देणार नाही कशावरून?

त्या रविवारी आम्ही स्वतः आत जाऊन मातोश्रींस हात धरून बाहेर आणले. पुन्हा 'संत तुकाराम' लागला. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"आता पांढरं आहे," त्या म्हणाल्या. "जरा अंधार वाटतो, पण चालेल."

क्षमा मागण्याचे शब्द आमच्या ओठांवर आले होते. बाहेर पडले ते इतकेच, "आई, ही काच दर महिन्याला पुसावी म्हणतो."

"दर महिन्याला?" मातोश्री हसल्या. "आम्ही राखेनं रोज पुसायचो. दिवा लावायच्या आधी."