न मोडतां केलेली परीक्षा

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानाची राजधानी मॅडिसन ही मेंडोटा व मोनोना ह्या सरोवरांमधील चिंचोळ्या भूमीवर वसली आहे. सरोवरांची शोभा पाहण्यास येणारे प्रवासी पुष्कळ. आम्ही गेलों तें मात्र तेथील वनोत्पादन प्रयोगशाळा पाहण्यासाठीं. १९१० सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेंत लाकूड व त्यापासून होणारे पदार्थ ह्यांचा अभ्यास चालत आला आहे.

मडकें घेतांना आपल्या घरच्या वडील बायका तें वाजवून पाहतात, हें वाचकांच्या परिचयाचें आहे. फोडून पाहिल्यास परीक्षा पुरी होईल, पण मग पाणी कशांत भरावें? लाकडाची अडचण हीच. तुळई मोडेपर्यंत भार घातला म्हणजे तिचें बळ कळतें. परंतु जी मोडली ती घराला लागत नाहीं, आणि जी घराला लागते तिच्याविषयीं केवळ अनुमान उरतें. प्लायवुडांत तर पातळ पापुद्रे आडवे-उभे ठेवून सरसानें जोडलेले असतात. आंत सरस सुटला असल्यास वरून दिसत नाहीं.

ह्यावर काढलेली युक्ति आम्हीं समजून घेतली. तक्ता दोन आधारांवर आडवा ठेवावयाचा, हलकासा ठोका द्यावयाचा, आणि कंपनें यंत्रानें मोजावयाचीं. आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारें २२ टक्क्यांवर असतात. कारण तक्ता थरथरला तरी तेथील रेषा स्थिर राहतात. वजन व मापें ठाऊक असलीं कीं कंपनसंख्येवरून ताठपणा गणितानें निघतो. सारख्याच वजनामापाच्या दोन तक्त्यांपैकीं एकाची कंपनसंख्या दुप्पट असेल, तर त्याचा ताठपणा चौपट. तंबोऱ्याची तार दुप्पट सुरांत चढवावयाची तर ताणही चौपटच लागतो! अशा अभंग परीक्षेवरील पहिली परिषद १९६३ सालीं येथेंच भरली होती.

तथापि ताठपणा म्हणजे बळ नव्हे. लाकूड नेमकें केव्हां मोडेल हें कंपन सांगत नाहीं. ताठ लाकूड बहुधा बळकटही असतें, एवढ्यावरून अंदाज मात्र बांधतां येतो. लाकडांतील ओलावा वाढला तर उत्तरही बदलतें, म्हणून तोही मोजावा लागतो.

एवढें असूनही ह्या ठोक्याचें मोल मोठें आहे. ज्या माळ्यावर मुलेंबाळें निजावयाचीं, त्यासाठीं दुसऱ्याच तक्त्याच्या नमुन्यापेक्षां प्रत्यक्ष त्याच तक्त्याची साक्ष काढलेली बरी. जुन्या इमारतींतून निघालेलें लाकूडही असें पारखून पुन्हां कामीं लावतां येतें. ठोक्याचा नाद क्षणार्धांत विरतो. तक्ता अभंग राहतो, आणि परीक्षेपायीं आणखी एक झाड तोडण्याची पाळी टळते.