राखणीचे ऋण

समुद्र आम्हां वसईकरांना नवा नाही. सुरूच्या बनातील वारा अंगावर घेत आणि भरतीची गाज ऐकत आमचे बालपण सरले. त्यामुळे धर्मग्रामातील काही कुटुंबांसह रत्नागिरी जिल्ह्याच्या प्रवासाला निघताना एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "समुद्र पाहायला इतक्या लांब कशाला, फादर?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला वेळासच्या पुळणीवर मिळाले.

मंडणगड तालुक्यातील हे गाव सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोट किल्ल्याच्या शेजारी वसले आहे. नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला ते परिचित आहेच. आज मात्र ते ओळखले जाते समुद्री कासवांमुळे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरावर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. आपली पिल्ले ती कधीच पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसे पळवीत. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरून खात. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून येथे संरक्षणाचे काम आरंभिले. आता घरट्यातील अंडी अलगद काढून, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. 2006 पासून येथे कासव महोत्सव भरतो आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात.

भल्या पहाटे आम्ही दोरीमागे उभे राहिलो. राखणदाराने टोपली उचलली. तळहाताच्या निम्म्यानेही नसलेली ती काळपट पिल्ले ओल्या वाळूवरून लाटांकडे सरपटू लागली. एक पिल्लू वाटेतच थबकले. आमच्यातील एक मुलगी त्याला उचलून पाण्यात सोडायला निघाली, तशी राखणदार हलकेच म्हणाला, "नको बाळा, त्याचं त्यालाच चालू दे." जेथे जन्मली त्या किनारपट्टीकडे मादी मोठेपणी अंडी घालायला परतते, असे त्याने समजावले. त्याच्या बोलण्यात मालकीची भाषा कोठेही नव्हती.

तेथून आम्ही संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपूरला गेलो. समोर प्रचितगडाचा कडा आणि त्यामागे चांदोलीचे अरण्य. या परिसरात उगम पावणारी शास्त्री नदी जयगडच्या खाडीत समुद्राला मिळते. माथ्यावरून पूर्वेकडे उतरणारे पाणी मात्र वारणेच्या वसंतसागर जलाशयात साठते आणि पुढे कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जाते. चांदोलीला 2004 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2010 साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि 2012 साली पश्चिम घाटासह जागतिक वारसा ठरले.

या गौरवाची किंमत मात्र कोणीतरी मोजली आहे. धरणासाठी आणि अभयारण्यासाठी येथील गावेच्या गावे उठली. आपली जोती आणि देवळे मागे ठेवून माणसे घाट उतरली. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी कित्येकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांच्या जुन्या शेतांच्या जागी आज गवताळ कुरणे आहेत आणि तेथे गवे चरतात.

वेळासमध्ये राखणीमुळे गावातील घरांना पाहुणे आणि चार पैसे मिळाले; चांदोलीत राखणीसाठी घरेच रिकामी झाली. त्या कड्याकडे पाहताना आम्ही बराच वेळ गप्प होतो. परमेश्वराने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. हा पाठ आम्ही व्यासपीठावरून अनेकदा वाचला आहे. पण राखणीचा भार सर्वांच्या खांद्यांवर सारखा पडत नाही, हे तेथे डोळ्यांना दिसले. आमच्या वसईच्या किनाऱ्यावरील वाळू उपसली गेली, विहिरींचे पाणी मचूळ झाले, तेव्हा राखण करणारे हात थोडेच होते.

वाचकांपैकी कोणी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला गेले, तर त्यांनी गावकऱ्यांच्याच घरी उतरावे, त्यांच्या पंगतीला बसावे, किनाऱ्यावर रात्री विजेरी लावू नये आणि पिल्लांना हात लावू नये. तसेच एखाद्या अरण्यात पाऊल टाकताना, तेथे पूर्वी कोण राहत होते आणि आज ते कोठे आहेत, एवढी विचारपूस अवश्य करावी.