लाल रेघेच्या अलीकडे

आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर काट्याचे दोन मीटर होते. भजनाचं रेकॉर्डिंग सुरू झालं की पखवाजाच्या थापेसरशी काटा लाल पट्ट्यात जाई, पण कॅसेट ऐकताना ते खटकत नसे. चुंबकीय फीत जादा आवाज हळूहळू दाबते, त्याला गोलाई देते. काट्यावर नजर ठेवायची सवय मला तिथेच लागली.

पुढे घरात संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माइक आले. डिजिटल मीटरवरच्या शून्यापुढे आकडाच नसतो. लाट तिथे पोचली की तिचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज करकरतो. ही मर्यादा सांभाळून केलेलं माझं गाणं बाजारातल्या गाण्यांपुढे बारीक वाटे, तेव्हा जीव तुटायचा.

उत्तर सापडलं ते ढोलकीत. तिची थाप क्षणभर उंच उसळते आणि सगळ्या गाण्याला शून्यापाशी अडवते; गळा मात्र कितीतरी खाली असतो. आपला कान गाण्याची सरासरी पातळी ऐकतो, शिखरं नव्हे. म्हणून ढोलकीवर हलका कॉम्प्रेसर लावून तेवढी शिखरं दोन-तीन डेसिबल खाली आणली. गळ्याच्या ट्रॅकमधली ८० हर्ट्झखालची पंख्याची घरघर काढून टाकली. खर्जात बेस आणि ढोलकीची घुमारेदार बाजू एकमेकींवर चढत होत्या, त्यांना वेगवेगळी जागा दिली. कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे गळ्याला किंचित उठाव दिला. शेवटी उणे १ डेसिबलवर, शिखरांना त्यापुढे जाऊ न देणारा लिमिटर. गाणं उघडलं, मोठं झालं, आणि कुठे फाटलं नाही.

नुसतं रेटून काय होतं, ते २००८ साली मेटॅलिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमने जगाला ऐकवलं. आवाज इतका कोंबलेला होता की चाहत्यांनीच तक्रारी केल्या. आता तर त्या रेटण्याला अर्थही उरलेला नाही. स्पॉटिफाय एरवी सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायच्या एककाच्या) आसपास आणून वाजवतं. जास्त कोंबलेलं गाणं तिथे खाली खेचलं जातं आणि चपटंच ऐकू येतं.

घरी गाणं करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: आवाज वाढवण्याआधी जागा मोकळी करा. आणि दुसऱ्या गाण्याशी तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा, कारण मोठं ते चांगलं असं कानाला नेहमीच वाटतं.